ख्येम काकांचा कौल

नाम दिन्ह,
३ मार्च १९९७

चि. तोआन यास,
लुआताईचे अनेक आशीर्वाद.

नवीन वर्षाला तू पाठवलेलं कापड आईला आवडलं, पण अजून शिवायला टाकलेलं नाही. तिचं कशातच लक्ष नाही. का ते सांगते, आधी नीट बसून घे.

सण सरल्यावर ख्येम काका आले. बाबांचे चुलतभाऊ म्हणून आपण मान देतो आणि ते त्या मानावरच जेवतात. देव्हाऱ्यात बाबांच्या फोटोपुढचं दिएन बिएन फूच्या लढाईचं पदक त्यांनी उचललं आणि म्हणाले, धुपाच्या धुरानं ते खराब होतंय, माझ्या काचेच्या कपाटात सुखात राहील. आईनं सरळ नाही म्हटलं. त्यावर म्हणे, वहिनी, तुम्ही कोण आणि मी कोण, दादालाच विचारू. आपली कौलाची नाणी झिजलीत असं सांगून त्यांनी खिशातून स्वतःची जोडी काढली, दिसायला आपल्या नेहमीच्या नाण्यांसारखीच, एक बाजू चुन्यानं पांढरी केलेली, दुसरी काळी. बशीत टाकली. एक पांढरं पडलं, एक काळं. म्हणजे बाबांचा होकार. तीनदा टाकली, तीनदा होकार. आईनं हात जोडले आणि पदक देऊन टाकलं.

बदल्यात त्यांनी तसंच एक नवं कोरं पदक ठेवलं. म्हणे फरक काहीच नाही. ते सोबत पाठवते, तुझा धंदाच पदकांचा आहे, तर बघ. आई अर्ध्या ताटावरून उठते. म्हणते, तुमच्या बाबांनाच या घरात राहायचं नाही, त्यांनी स्वतःच सांगितलं. मेलेला नवरा तिच्यापाशी होता, काकांनी तोही नेला. याचं काय करू ते कळव.

लोभ आहेच, या वेळी थोडा रागही असू दे.

तुझी,
लुआताई


सायगाव,
१४ मार्च १९९७

ती. लुआताईस,
तोआनचा सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं पदक भिंगाखाली धरलं आणि आधी हसू आलं. ओतीव नक्कल आहे. अक्षरांच्या कडा वापरलेल्या साबणासारख्या गुळगुळीत, मागे बुडबुड्यांची भोकं, आणि लाल रंग तर साधा तेलरंग. सुई लावली तर निघाला. आमच्या गल्लीत परदेशी पाहुण्यांना अशी टोपलीभर विकतात, शेवयांच्या फोच्या दोन वाट्यांच्या भावात. बाबांसमोर दोन वाट्या फो मांडून काका त्यांना घेऊन गेले.

बाबांचं पदक ठशानं छापलेलं, वर काचेचा खरा मिना, झेंड्याच्या टोकाशी एक टवका. आणि मागची पिन आठवते ना? मूळची तुटली तेव्हा बाबांनी सायकलीच्या आऱ्याची तार वाकवून लावली होती. अर्धवट शिकलेला संग्राहक अशी पिन पाहून भाव पाडतो. पण ज्याला माहीत आहे की हा माणूस दिएन बिएन फूच्या दरीपर्यंत सायकलवर तांदूळ लादून ढकलत गेला, तो त्या तारेचेच जास्त पैसे मोजेल. मी स्वतः त्या पदकाला माझी दोन वर्षांची कमाई लावीन. काका इतकी वर्षं पदकं जमवतायत, त्यांना हे कळत नाही असं होणारच नाही.

गाडी पकडून येतो आणि ते काचेचं कपाट त्यांच्याच डोक्यात घालतो, असं मनात होतं. पण एक विचारायचं राहिलं. नाणी तीनदा टाकली आणि तिन्ही वेळा होकार? बाबांनी जिवंतपणी तरी एका गोष्टीला सलग तीनदा हो म्हटलं होतं का? ताई, ती नाणी तू उलटून पाहिलीस का?

आईला सा. न. तिला निदान पेज तरी पाज.

तुझा,
तोआन


नाम दिन्ह,
२९ मार्च १९९७

चि. तोआन यास,
अ. आ.

पाहिली. लाल भात केला होता, तो द्यायच्या निमित्तानं काकांकडे गेले. काकू पाणी आणायला आत गेल्या, तेवढ्यात त्यांच्या देव्हाऱ्यातली नाणी उलटली. एक दोन्ही बाजूंनी पांढरं, दुसरं दोन्ही बाजूंनी काळं. कशीही टाक, बाबा हो म्हणणारच. होती तशी ठेवली आणि भाताची वाटी परत मागून घेतली.

पदक कपाटाच्या मधोमध आहे, तार तशीच आहे. खाली चिठ्ठी आहे की हे ख्येमच्या वडिलांचं. त्यांचे वडील सबंध लढाईभर धान्याच्या कोठारात झोपले होते, सगळ्या गावाला ठाऊक आहे. हनोईचा कोणी गिऱ्हाईक पुढच्या महिनाअखेरीस ते घेऊन जाणार आहे, काकू मोठ्या कौतुकानं सांगत होत्या.

तू येऊ नकोस. काचा फोडल्यास तर आपण गुंड आणि ते बिचारे. मी काकांना म्हटलं, बाबांच्या श्राद्धाला तुम्हीच वडीलधारे, कौल तुमच्याच नाण्यांनी लावू, तुमच्या हाताला बाबा कसे चटकन बोलतात. पदकही मखमली पेटीत घेऊन या, बाबांच्या सोबत्यांना बघू दे. काका फुगून टम्म झाले.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. तूही तोंड बंद ठेव.

लुआताई


नाम दिन्ह,
२२ एप्रिल १९९७

चि. तोआन यास,
आनंदाचे अ. आ.

श्राद्ध पार पडलं. बाबांच्या तुकडीतले सगळे म्हातारे आले होते, गणवेश घालून, छातीवर पदकं लावून. काकांचा पांढरा सदरा परीटघडीचा. पेटी फिरली. म्हाताऱ्या दाउंनी पदक उलटं करून तार पाहिली आणि म्हणाले, ही तार वाकवताना पक्कड मी धरली होती. काकांनी विषय बदलून कोंबडीच्या रश्श्याची तारीफ केली.

धूप लावला आणि मी काकांची नाणी आईच्या हातात दिली. म्हटलं, तूच विचार. तिनं बाबांना विचारलं, घरी यायचंय का. एक पांढरं, एक काळं. काका म्हणाले, प्रश्न नीट विचारायला हवा. आईनं पुन्हा विचारलं, पुन्हा होकार. तिसऱ्यांदाही. मग काका म्हणाले की नाणी जुनी आहेत, कधीकधी चुकतात. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, मग काका, सगळ्यांसमोर उलटून बघा ना. त्यांनी नाण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला सगळं कळलंय हे त्यांना कळलं. पदक त्यांनी स्वतःच्या हातानं फोटोपुढे ठेवलं.

मी तेवढ्यावर सोडणार होते थोडीच. नाणी घेतली आणि बाबांना विचारलं, आजची भांडी ख्येम काकांनी घासावीत अशी तुमची इच्छा आहे का. होकार. दरवर्षी? होकार. आणि ही नाणी याच घरात राहावीत? त्यालाही होकार. दाउ म्हणाले, मेलेल्या माणसाचा शब्द मोडू नये. काका परसात उकिडवे बसून संध्याकाळपर्यंत टोप घासत होते, सदऱ्यावर काजळी, आणि म्हातारे पान चघळत बघत होते. मी मुद्दाम तळाशी करपलेला टोप शेवटी दिला. तोआन, इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आई दोन वाट्या भात जेवली. रात्री फोटोशी भांडतही होती, इतके दिवस कुठे होतात म्हणून. आता ती सगळं त्या नाण्यांनाच विचारते. तू यंदा लग्न करावंस का, हेही विचारून झालं. बाबा हो म्हणाले आहेत, तयारीला लाग.

काल मात्र म्हणाली, ख्येम गल्लीतून मान खाली घालून जातो, त्याला माफ करावं का, विचारू या त्यांना. मी नाणी उचलून खिशात टाकली आणि म्हटलं, धुवायला नेते. त्या नाण्यांना नाही म्हणता येत नाही, आणि मला अजून हो म्हणता येत नाही.

लोभ होता तसाच राहू दे.

तुझी,
लुआताई