स्वराच्या खोकल्याची तीन आठवड्यांची ट्रायल

४ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ६.४०
दिवाळी संपली, फटाक्यांचा धूर गेला. स्वराच्या छातीतली शिट्टी काही जात नाही. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी दमा आणि नाकाची अ‍ॅलर्जी सांगितली. रोज दोनदा पंप, झोपताना मॉन्टेलुकास्ट, नाक वाहिलं तर सेटिरिझिन. नऊ वर्षांच्या पोरीला पंप! एकदा लागला की सुटत नाही, हे अख्ख्या सालवड गावाला माहीत आहे. समिधाला म्हटलं, गोळ्या आहेत ना, मग पंप कशाला? तिने विचारलं, डॉक्टर तुम्ही की त्या?
बायको असून असं बोलते. औषधांच्या कारखान्यात अकरा वर्षं क्यूसीत आहे मी. माल पास की नापास, माझ्या सहीने ठरतं. डॉक्टर नुसते लिहून देतात.
ठरलं. पंप बंद. पहिला आठवडा सेटिरिझिन, दुसरा मॉन्टेलुकास्ट, तिसरा दोन्ही. जी जिंकेल ती कायम.

५ नोव्हेंबर
तक्ता आखला. शिंका, नाक, खोकला, धाप, शेरा. खाडाखोड नाही; चुकलं तर एकच रेघ आणि सही, कारखान्यातल्यासारखं. स्वराचीही सही घेतो. मस्त वेलांटीदार करते.

७ नोव्हेंबर
शिंका बंद! नाक कोरडं! सेटिरिझिन झकास. वर्गात पेंगते म्हणून शाळेतल्या बाईंची चिठ्ठी आली. शेरा : झोप उत्तम.
खोकला येतो का विचारलं, तर म्हणाली हो. एका निकालावर कोणी बॅच नापास करत नाही. दूध-बिस्किटानंतर रीटेस्ट. म्हणाली, थोडा. दप्तर भरताना परत विचारलं. म्हणाली, नाही. नाही लिहिलं. पास.

१२ नोव्हेंबर
कालपासून मॉन्टेलुकास्ट. सेटिरिझिन हिस्टामिन अडवते, ही ल्युकोट्रिन. नाक आणि छाती, दोन्हीकडे चालते. समिधाला वीस मिनिटं समजावलं. तिने एवढंच विचारलं, मग डॉक्टरीणबाईंनी ती पंपाच्या जोडीला का दिली? अभ्यास नको, नुसत्या शंका काढायला हव्यात.

१५ नोव्हेंबर
स्वराला वाईट स्वप्नं पडताहेत. किंचाळून उठते, दिवसा चिडचिड करते. गोळ्यांच्या खोक्यातल्या कागदावर असं काहीतरी आहे, पण बारीक अक्षरात. बारीक अक्षरातलं सहसा होत नाही. शेरा : टीव्ही कमी करणे.
समिधा म्हणते डॉक्टरीणबाईंना फोन करा. ट्रायल मध्येच तोडली तर डेटा वाया. मला काय पोरीची काळजी नाही? माझी आत्या हातात पंप धरूनच गेली. मी आठ वर्षांचा होतो, दारात उभा होतो. घरात पंप आला की माणूस जातो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. समिधाला हे कधी सांगितलं नाही. सांगणारही नाही.

२० नोव्हेंबर
दोन्ही गोळ्या चालू. प्रगती! आता पहिल्याच प्रश्नाला नाही म्हणते, रीटेस्टची गरज नाही. पाच दिवस ओळीने नाही, नाही, नाही. समिधा म्हणते ती जिन्यात मध्येच थांबते. मुलं थांबतातच.
डब्याच्या सुट्टीत रामनाथला तक्ता दाखवला. माझ्याच लॅबमधला, पण ज्युनिअर. म्हणाला, एवढे एकसारखे निकाल कोणी दिले असते तर आपण काय म्हटलं असतं? जळतो मेला.

२४ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी
केळव्याला सासऱ्यांकडे, तात्यांकडे, गेलो होतो. जेवण झाल्यावर स्वरा वाडीत धावत होती. अचानक खाली बसली. खांदे वर-खाली, बोलता येईना, ओठ काळेनिळे. मी वेळ टिपायला खिशातून कागद काढला. काढला, हे खरं आहे.
तात्या ओरडले, "पोरीला दम पुरत नाय, आन् तू लिवतोस काय?"
कोणाची तरी गाडी मिळाली. पालघर गाठलं. हॉस्पिटलात वाफेचा मास्क लावला, ऑक्सिजन लावला. अर्ध्या तासाने स्वराच्या तोंडावर रंग आला. तरी गोळ्या पूर्ण फेल म्हणता येणार नाहीत. वाडीत धूळ होती.

२५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंकडे गेलो. फाईल पुढे ठेवली. वाटलं होतं, निदान तक्त्याची पद्धत बघून काहीतरी म्हणतील. त्यांनी पानं उलटली. सेटिरिझिन नाकापुरती, म्हणाल्या, दम्याला नाही. मॉन्टेलुकास्ट जोडीला, पंपाच्या जागी नव्हे. आणि स्वप्नांमुळे ती आजच बंद. कोणती गोळी जिंकली, हा प्रश्नच नव्हता.
आत्याचं सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. समिधा बघत राहिली. बाईंनी विचारलं, आत्या पंप रोज घ्यायच्या? म्हटलं, छे, अगदी जीव घुसमटला तरच. म्हणता म्हणताच मला कळायचं ते कळलं.
मग त्यांनी स्वराला विचारलं, रात्री खोकला येतो का गं? स्वराने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, नाही.
बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मला बाहेर थांबायला सांगितलं. मला एकट्याला. बाकावर बसलो. दार नीट लागत नाही, आतलं ऐकू येत होतं. त्यांनी तोच प्रश्न परत विचारला.
"रोज येतो," स्वरा म्हणाली. "पण पप्पा 'नाही' म्हणेपर्यंत विचारतात."