कोंबडीच्या पिसांचा देवदूत

३ डिसेंबर

आधी कबूल करून टाकतो. आज एसटीत खिडकीची जागा पाहिजे होती म्हणून मी मिरचीपुडीची पुडी हळूच फोडली. करायला नको होतं. अख्खी गाडी शिंकायला लागली, कंडक्टरचा चष्मा पडला, आणि मी खिडकीत बसून सगळ्यांबरोबर त्या न सापडलेल्या माणसाला शिव्या घातल्या. नंदुरबारला मिरची वाळवायच्या पथारीवरून मला असल्याच उद्योगापायी काढलं. म्हणून तर नवापूरला आलो.

पोल्ट्री हायवेपासून आत आहे. दोन शेड, एक टाकी, मला एक खोली. झकास. सुपरवायझर गिरधरभाईनं विचारलं, कोंबडी धरता येस का. मी म्हटलं, जन्मापासून. त्यानं लगेच धरायला लावली. तिनं मला शेडभर पळवलं. तो म्हणे, मंग तुन्हा जन्म कालच व्हयना का रे भो.

शेडच्या दारात चुना पसरलेला असतो, रोग आत जाऊ नये म्हणून. त्यात पाय ठेवूनच आत जायचं. त्यामुळे कोण गेलं, कोण आलं, सगळं चुन्यात दिसतं. चोरून झोपायची सोय नाही.

बाजूच्या झोपडीत धनुबाई राहते. दाणा-पाणी तीच करते. गळ्यात क्रूस. मला न विचारता भाकर आणि मिरचीचा ठेचा आणून दिला. तिच्या दारात एक खाट आहे, स्वच्छ गोधडी टाकलेली. कोणाची, विचारलं. म्हणाली, लखनची, मन्हा पोऱ्याची, तो येईल. सुरतला कामाला असेल.

धाकट्या बहिणीचा, रिनाचा फोन आला. आठवीत आहे पण मला बापासारखी झापते. मिरचीची गोष्ट सांगितली तर हसून हसून तिला उचकी लागली.

८ डिसेंबर

कोंबडीचं एक बघून ठेवलं. ती डोळा खालून वर मिटते. आपली पापणी वरून खाली येते, हिची खालून वर चढते. जवळून बघितलं की अंगावर काटा येतो.

नाताळच्या नाटकासाठी वस्तीतल्या पोरांना पंख पाहिजेत. इथं पिसांना काय तोटा. कामट्या वाकवल्या, पोतं शिवलं, खळ लावून पिसं चिकटवली. माणूसभर लांब पंख झाले. मोबाइलवर एक डब केलेला पिक्चर पाहिला होता, त्यात देवदूत माणसं फाडत सुटतो. ते नाताळच्या कार्डावरचे गुबगुबीत देवदूत मला कधी पटलेच नाहीत. एवढे मोठे पंख घेऊन कोणी फक्त गोड बोलायला येतं का.

११ डिसेंबर

पंख पोरांना द्यायच्या आधी एकदा लावून बघितले. तोंडाला पावडर फासली, शेडच्या पडद्याआड शिडीवर उभा राहिलो. मागून सकाळचं ऊन. धनुबाई दाण्याची बादली घेऊन आली. मी आवाज जाड करून म्हटलं, धनु, भिऊ नको, तुझा लखन नाताळला घरी येईल.

वाटलं बोंबलत पळेल, मग दिवसभर चिडवू. ती शेडात पसरलेल्या तुसातच गुडघ्यावर बसली. कोंबड्या तिच्या मांडीवर चढल्या तरी हलली नाही. एवढंच म्हणाली, येऊ दे.

मला हसू आलंच नाही.

१३ डिसेंबर

धनुबाई झोपडी सारवते आहे. गाणी म्हणते आहे. गिरधरभाई कपाळाला हात लावून म्हणाला, म्हातारी येडी व्हई गयी. मग त्यानं सांगितलं. लखन उकाई धरणाच्या पाण्यात नावेतून पडला, तीन वर्षं झाली. प्रेत सापडलं नाही, म्हणून पुरता आलं नाही, म्हणून ती खाट.

मी त्याच्या अंगावर धावून गेलो. आधी सांगता येत नव्हतं का. सगळ्या वस्तीला माहीत, मलाच नाही. तो म्हणे, तुले सांगीसन काय फायदा व्हता. त्याला मी काय केलं ते माहीत नाही. राग त्याच्यावर नाही, मला कळतं. पण कोणावर तरी काढायचा होता.

१४ डिसेंबर

धनुबाईला खरं सांगायला गेलो. मावशी, तो मी होतो, एवढंच म्हणायचं होतं. शंभरदा घोकलं. तोंड उघडलं आणि निघालं, लखन निघाला आहे.

माझा आवाज नव्हता. मी जाड करून काढलेला तो तर नव्हताच. धनुबाईनं माझे हात डोळ्यांना लावले.

१७ डिसेंबर

भर दुपारी. आत गेलो तर शेड गप्प. एवढे पक्षी आणि एकही आवाज नाही. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. पडद्याकडे.

वाटलं कोणीतरी माझे पंख लावून माझीच गंमत करतं आहे. शिवी हासडून पडदा ओढला.

ते उभं होतं. पंखच पंख, मध्ये माणूस नाही. प्रत्येक पिसावर डोळा, गोल, पिवळा. सगळे माझ्याकडे. मग सगळे एकदम मिटले, खालून वर.

ते बोललं नाही. तरी कळलं. निरोप तू दिलास, माझ्या नावानं दिलास. आता माझे निरोप तू देशील. तुझ्या तोंडून निघेल ते होईल.

दारातल्या चुन्यात फक्त माझीच पावलं.

१८ डिसेंबर

पंख जाळले. पोरांना म्हटलं, उंदरांनी खाल्ले. ती चिडली. चिडू द्या.

१९ डिसेंबर

गिरधरभाईनं दाणा संपला का विचारलं. मी म्हणालो, दोन नंबर शेडला दाणा लागणार नाही.

२० डिसेंबर

दोन नंबर शेडमध्ये सगळे पक्षी मेले. एकूण एक. डोळे उघडे. डॉक्टर म्हणतो रोग. गिरधरभाई रडला. मला वाटलं होतं हा माणूस रडत नसेल.

रोग नाही. मी बोललो म्हणून झालं.

त्या पंखवाल्याला भिऊन काय करू, माझं डोकं फिरलं आहे. एवढी ताकद आणि ती कोंबड्यांवर. मस्करी मी केली ना. मग मला मार, त्यांनी काय केलं.

२२ डिसेंबर

रिनाचा फोन. उचलायला नको होता. ती म्हणाली, दादा, बोलत का नाहीस. तोंड आपोआप उघडलं. रिना, तू —

फोन टाकीत फेकला. पुढचे शब्द जिभेवरच आहेत. गिळता येत नाहीत. मला माहीत आहे काय आहेत. बोलणार नाही. गमछा तोंडात कोंबून बांधला.

आठवीतली पोर आहे ती. तिच्यावर कसली मर्दुमकी रे भडव्या.

२४ डिसेंबर

लखन आला.

भर दिवसा. खाटेवर बसला आहे. कपडे ओले, वाळतच नाहीत. धनुबाईनं कोंबडी-भात वाढला. त्यानं हात लावला नाही, वाकून तोंडानंच एकेक शीत टिपलं. माझ्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले —

खालून वर.

मी धनुबाईला ओढून बाहेर नेत होतो. तिनं हात झटकला. म्हणाली, डोया त्याना नहीत, पन पोऱ्या मन्हा शे.

संध्याकाळी गिरधरभाई सांगून गेला. तुन्ही बहीणना फोन उन्हता. तू बोलत नही म्हणीसन काळजी करी ऱ्हायनी. सकाळच्या गाडीनं ती इथं येते आहे.

मी मान हलवली. नाही नाही नाही. त्याला वाटलं मला आनंद झाला.

२५ डिसेंबर

तोंड बांधलं आहे. बोललो नाही. एक शब्द नाही.

पण आता हात —

पेन मी उचललं नव्हतं. वरच्या ओळी माझ्या आहेत. खालच्या कोणाच्या —

रिना तू नदीच्या

नाही. खोडलं. परत तेच लिहितो आहे. डाव्या हातानं उजवा धरला आहे. पिसं उगवली आहेत का बघवत नाही.

बाहेर शेड गप्प झाली.

फाटकाशी रिक्षा. तिचा आवाज, गिरधरभाईला विचारते आहे, मन्हा दादा कोठे शे.

ही वही वाचणाऱ्यांनो, ऐका. निरोप कोणाला सांगितला तरच होतो. वर जे अर्धं लिहिलं आहे ते मोठ्यानं वाचू नका. तिला नाही, माझ्या आईला नाही, कोणालाच नाही. पाया पडतो. माझ्याबद्दल काय सांगायचं ते सांगा, मिरचीचं सांगा, मी नालायक होतो सांगा, पण हे कोणाला सांगू नका, दार वाजतं आहे, कोणाला सांगू नका, रिना आत येऊ नको, रिना तू नदीच्या पा