दोन खांदे, दोन मापं

प्रिय आप्पा,

आज दुपारी आई रानातून आली की तुमची मापाची वही मी तिला दाखवणार आहे. त्याआधी तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र. आमच्या कंपनीत एखाद्याच्या कामातली चूक वर कळवायची असेल, तर आधी त्या माणसाला सांगतात. तुम्हाला सांगायला दुसरी जागा नाही, म्हणून तुमच्या दुकानात येऊन लिहितेय.

कटिंगच्या टेबलाशी उभी राहून लिहितेय. वीस मिनिटांच्या वर बसवत नाही आणि फार वेळ उभंही राहवत नाही. मग दारापर्यंत जाते, कळंबच्या स्टँडवर आलेली एसटी बघते, परत येते. घरातून दुकान, दुकानातून घर, दिवसातून सात-आठ वेळा. शेजारचा सलूनवाला परवा म्हणाला, "ताई, ड्युटीवर हाय का?" मी नुसता हात केला आणि पुढं गेले. तुम्ही उत्तर दिलं असतं.

मी चार सेंटिमीटरनं उंच झालेय, आप्पा. चोविसाव्या वर्षी. हे टेबल आता माझ्या कोपराच्या खाली राहतं.

तुम्ही गेलात त्याला पावणेदोन वर्षं झाली. मधलं तुम्हाला माहीत नाही, म्हणून क्रमानं सांगते.

तुमच्यानंतर चार-पाच महिन्यांनी बारामतीला कुर्ता घ्यायला गेले. आयुष्यातला पहिला रेडिमेड कुर्ता. तोवर माझ्या अंगाला दुसऱ्या कुणी शिवलेलं कापड लागलंच नव्हतं. घालून बघितला, तर डावा खांदा उतरलेला, गळा तिरका, खालची कड एका बाजूला वर. मी तो बाजूला ठेवला. दुसरा घातला, तोच दोष. तिसराही तसाच. क्वालिटीत काम करते ना मी! काउंटरवरच्या मुलीला बोलावून सांगितलं, "तुमचा हा सगळा लॉट चुकीचा शिवलाय. डावा खांदा कमी आहे."

तिनं कुर्ता हातात धरून बघितला. मग माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाली, "ताई, पीस बरोबर हाय. तुमी आरशाकडं पाठ करून उभ्या ऱ्हावा बरं."

उजवा खांदा वर असतो हे मला माहीत होतं. पण ती सवय आहे असं वाटायचं. आई म्हणायची, सरळ चाल. मी चार पावलं सरळ चालायचे. पाठ दुखायची, ती दिवसभर उभं राहिल्यानं. त्या आरशात मला पहिल्यांदा माझा आकार दिसला. लोणी देवकरच्या कारखान्यात मी रोज केसापेक्षा बारीक फरक पकडते, आणि स्वतःच्या खांद्यांतला फरक मला बावीस वर्षं सापडला नव्हता. का, ते तुम्हाला माहीत आहे.

एक्स-रे काढला. कणा छप्पन अंशांनी वाकलेला होता आणि अजून वाकत होता. चार महिन्यांपूर्वी पुण्याला ऑपरेशन झालं. अकरा मणके एकमेकांना जोडले, दोन बाजूंना दोन सळया, त्यांना स्क्रू. आता तेवढा भाग कधीच वाकणार नाही. जमिनीवर पडलेली पेन्सिल उचलायची तर गुडघ्यात बसून उचलायची. कुशीवर वळायचं तर ओंडक्यासारखं सगळं अंग एकदम. पहिल्या आठवड्यात दोन नर्स मिळून वळवायच्या आणि मी छताचे चौकोन मोजायचे.

वेदनेचं मला फार काही वाटलं नाही. वेदना मोजता येते, रोज एक ते दहामध्ये आकडा सांगायचा, तो उतरत गेला. जे उतरत नाही ते दुसरंच आहे. झोपेतून उठताना वाटतं की मला कुणीतरी आतून धरून ठेवलंय. त्या धरणाऱ्याला ढकलून पळावंसं वाटतं. मग मी चालते. चालून पाय थकतात, ते मात्र जात नाही.

आता आईचं सांगते, कारण प्रश्न तिचा आहे.

एक्स-रे बघून आल्यावर आठ दिवसांत तिनं दोन्ही गाई विकल्या. कुणाला विचारलं नाही. गोठा धुऊन काढला आणि त्यात सरपण रचलं. नववीपासून मी शाळेतून आल्यावर डोक्यावरून वैरणीचा भारा आणायचे, आठवतं? तिच्या हिशेबात माझा कणा त्या भाऱ्यानं वाकला. डॉक्टरांनी तिला समोर सांगितलं की ओझ्यानं असं होत नाही. तिनं मान हलवली, आणि घरी येऊन मावशीला फोनवर म्हणाली, "डॉक्टर चांगलं मानूस हाय, माझ्या मनाला लागू नये म्हनून तसं म्हनलं."

ऑपरेशननंतर मला बघायला येणाऱ्या प्रत्येकाला ती चहाच्या आधी हेच सांगते. "मीच भारं उचलाया लावलं पोरीला." लोक म्हणतात, असं नसतं वहिनी. पण चहा पितात आणि भाऱ्याकडं बघावं तसं माझ्याकडं बघतात.

तीन आठवड्यांपूर्वी मी दुकान आवरायला घेतलं. म्हणजे वाकता येत नाही, तेव्हा कमरेच्या वरचं तेवढं. वरच्या फळीवर वह्या होत्या. तुमचं अक्षर, प्रत्येक पानावर नाव, उंची, खांदा, छाती, कंबर, बाही. सगळ्या गावाचा खांदा एकेका आकड्यात. माझं पान निघालं आणि मी तिथंच थांबले.

माझ्या नावापुढं खांद्यापासून कमरेपर्यंतचं माप दोनदा होतं. डा. आणि उ., म्हणजे डावं आणि उजवं. सहावीच्या गणवेशाला दोन्हींत दोन सूत फरक. पाव इंच. सातवीला चार सूत. आठवीला सहा. दहावीला एक इंच. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला एक इंच चार सूत. मी सगळ्या वह्या उतरवल्या, आकडे कागदावर मांडले आणि रेघ ओढली. एकही माप चुकलेलं वाटत नाही, आप्पा. तुमच्या टेपनं माझा कणा वर्षागणिक वाकताना पकडला होता. पहिला फरक सहावीचा, आणि भारा नववीत आला.

म्हणजे आई तीन वर्षांनी निर्दोष आहे. आणि तुम्हाला माहीत होतं.

माझ्या प्रत्येक ड्रेसच्या डाव्या खांद्यात कॅनव्हासची पट्टी, ती हळूहळू जाड होत गेली. डावीकडं जास्तीची चुणी. कड सरळ दिसावी म्हणून एका बाजूला वाढवलेलं कापड. कॉलेजात मैत्रिणी म्हणायच्या, तुझे ड्रेस काय बसतात गं! मला त्याचा अभिमान होता. हे मला तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण आकडे मी दिलेच आहेत तर हेही द्यायला हवं.

आठवीच्या पानाच्या कोपऱ्यात लिहिलंय, "बारामती. मुलीला आणा म्हणाले."

तुमच्याकडं बारा वर्षं काज-बटण करणाऱ्या कमलमावशीला मी पान दाखवलं. तिनं चष्मा काढून ठेवला.

"मला इचारू नगंस, अश्विने. आन घातलीवती मला."

"कुणाची?"

"तुझीच की."

मग दहा मिनिटांनी तिनंच सांगितलं. तुम्ही माझ्या पाठीचा कागदी फर्मा काढून, गुंडाळी करून, बारामतीला डॉक्टरकडं एकटेच गेला होतात. ते म्हणाले, कागद काय दाखवता, मुलगी आणा. पट्टा लावावा लागेल, नाही थांबलं तर ऑपरेशन. तुम्ही परत आलात आणि संध्याकाळपर्यंत मशीनवर बसून एकही टीप मारली नाहीत. "म्हनलं, पाठीचं ऑपरेशन म्हंजी पोरीचं पाय जात्यात. मी नीट शिवीन, कुनाला दिसनार न्हाय. म्या म्हनलं, वहिनीला तरी सांगा. तर म्हनलं, ती भिईल."

आप्पा, फर्मा घेऊन गेलात? मला का नाही नेलंत? मी तेरा वर्षांची होते, एसटीत तुमच्या शेजारी बसले असते. पट्ट्यानं फरक पडला असता का, ते आता कुणीच खात्रीनं सांगू शकत नाही. मी सर्जनना विचारलं, ते म्हणाले, कदाचित. या कदाचितचं मी काय करू? आमच्याकडं पीस पास असतो किंवा नापास. कदाचित असा शिक्का नसतो.

आणि भीती तुम्हाला वाटली होती ना? मग 'ती भिईल' म्हणून आईचं नाव पुढं का केलंत?

तीन आठवडे वही मी कपाटात ठेवली. आईला दाखवली तर तिच्या डोक्यावरचा भारा उतरेल, पण तुमचा फोटो ती रोज पुसते, त्याचं काय होईल? न दाखवावी तर तुम्ही चांगले राहता आणि ती मरेपर्यंत दोषी. रोज ठरवते, रोज चालते. काल पाहुण्यांसमोर तिनं पुन्हा तेच सांगितलं, आणि मला खुर्चीवरून उठावं लागलं. आज दाखवणार.

ती आलेली दिसतेय. जाते.

साडेपाच वाजलेत. दाखवली.

ओट्यावर बसून बघितली तिनं. मी बोट ठेवून आकडे वाचून दाखवले, सहावी, सातवी, आठवी. तिनं विचारलं, "म्हंजी भाऱ्याच्या आधी?" मी म्हणाले, तीन वर्षं आधी. तिनं परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ती माझ्याकडं बघत नव्हती, गोठ्याकडं बघत होती.

मग बारामतीचं सांगितलं. फर्म्याचं, कमलमावशीचं, शपथेचं. काही गाळलं नाही. तुम्ही दिवसभर टीप मारली नाहीत, तेही सांगितलं.

तिनं वही मिटली. मग म्हणाली, "मी भिईन म्हनलं व्हय? गाईचं वासरू आडवं आलंवतं तवा आत हात घालून वळवलं कुनी? ह्ये भाईर हुबं व्हतं डोळं झाकून."

हे मला माहीत नव्हतं. खरं आहे का, आप्पा?

रडेल असं वाटलं होतं. रडली नाही, रागावली. तुमच्यावर तर रागावलीच, पण मग माझ्याकडं वळली. "अन् तू? बारामतीला दाखवाया जातीस, आत एकटी. मी भाईर बाकड्यावर. इचारलं की, ठीक हाय. तूबी त्येंच्याच मापाची."

तिचं बरोबर होतं. कारण एक गोष्ट मी चार महिने कुणालाच सांगितलेली नाही. डॉक्टरांनाही नाही. ऑपरेशनपासून डाव्या मांडीचा बाहेरचा पंज्याएवढा भाग बधिर आहे. दर रविवारी पेनानं कड आखून मी तो मोजते. कमी झाला की सांगू, असं ठरवलं होतं. विचारलं तर काहीतरी वाईट ऐकायला मिळेल, आणि आई भिईल, असंही वाटलं होतं.

हे वाक्य लिहून मी दारापर्यंत जाऊन आले.

मी तिला सांगितलं. तिनं मला ओट्यावर बसवलं आणि सरळ मांडीला चिमटा काढला.

"हितं?"

"नाही कळत."

"हितं?"

"नाही."

"अन् हितं?"

"आई, दुखतंय!"

"दुखू दे. जित्ती हाय तितनं." असं म्हणत तिनं गुडघ्यापर्यंत चिमटे काढत कड शोधून काढली. पेन नाही, पट्टी नाही. माझ्या रविवारच्या रेघेपासून तिची कड बोटभर आत निघाली. म्हणजे भाग कमी झालाय, किंवा तिचा चिमटा माझ्यापेक्षा जोरात आहे. दोन्ही शक्य आहे.

नंतर ती उठली, वही तिच्या लुगड्यांच्या पेटीत ठेवली, आणि चूल पेटवायला सरपण आणायला गोठ्यात गेली. तिथून तिचा आवाज येत होता. तुमच्याशी भांडत होती. मी ऐकलं नाही, ते तुमचं-तुमचं आहे.

येत्या शनिवारी बारामतीला दाखवायचंय. आई आत येणार आहे, आणि तिनं हे मला विचारलेलं नाही, सांगितलंय. मी तुम्हाला एवढा शब्द देते की मांडीचं मी तिच्यासमोर सांगेन, डॉक्टर जे म्हणतील ते तिच्यासमोर ऐकेन, आणि बाहेर आल्यावर त्यातलं काही कमी करून सांगणार नाही. बधिर भाग तसाच राहणार असेल तर तो दोघींना एकदम कळेल.

तुम्हाला माफ केलं का, हे मला अजून माहीत नाही. उगाच लिहिणार नाही. ज्या दिवशी करेन, त्या दिवशी आधी आईला सांगेन. तुम्हाला त्यानंतर.

तुमची मुलगी,
अश्विनी