आकडा वाढला की फोन येतो

३ नोव्हेंबर
जंतू नाहीत! दम इतका की चपला घालताना मध्येच खाली बसलो, आणि डॉक्टरीणबाई म्हणतात, "काका, रक्तातला सीआरपी अगदी कमी आहे. जंतूंचं इन्फेक्शन असतं तर तो चढला असता. अँटिबायोटिक नको, पंप नीट ओढा." आयुष्यभर वेल्डिंगचा धूर खाल्ला, वर सिगारेटी. फुप्फुसं कुरकुरणारच. पण जंतूसुद्धा माझ्याकडे राहायला तयार नाहीत म्हणजे कमाल झाली!

रिपोर्टखाली सही चिमीची. शेवटच्या अक्षराला तीच लांब शेपटी, शाळेपासूनची. माझी मुलगी त्याच दवाखान्याच्या लॅबमध्ये. माझं रक्त तिच्या हातात जातं, मी काचेच्या अलीकडे बाकावर.

५ नोव्हेंबर
दिवसभरात दूधवाल्याला "हं" म्हणालो. तेवढंच.

९ नोव्हेंबर
नवा पंप आणायला गेलो होतो. रक्त काढणाऱ्या नर्सला सहज विचारलं — सहज कसलं! — रिपोर्ट वाईट आला तर कळवतं कोण? म्हणाली, "आकडा हद्दीबाहेर गेला की लॅबवालेच घरी फोन करतात. नियमच आहे."

म्हणजे चिमी!

तिची आई गेली तेव्हा चिमी म्हणाली होती, "बाबा, आमच्याकडे चला." मी म्हणालो, जावयाच्या दारात मरायला येणार नाही, आणि तूही माझ्या दारात पाऊल टाकू नकोस. नाही टाकलं. शब्दाची पक्की. माझीच ना! मी आपणहून फोन करू? का म्हणून? पण आकडा वाढला तर तिला करावाच लागेल.

१४ नोव्हेंबर
पुन्हा गेलो. जोर लावून खोकून दाखवलं, आकडा वाढला असेल, रक्त तपासा म्हणालो. डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावला आणि हसल्या. "कफ पांढरा, ताप नाही. धाप वेगळी, जंतू वेगळे. खोकून आकडा वाढत नसतो, काका." रक्तसुद्धा घेतलं नाही. हात हलवत परत.

२२ नोव्हेंबर
हुडहुडी भरून ताप. कफ हिरवागार. शेजारचा शिंपी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाई भरती व्हा म्हणत होत्या. मी ऐकलं नाही, रक्त देऊन घरी आलो. फोन घरीच येणार ना! भीती वाटायला हवी होती. मी दाढी केली. फोनसाठी दाढी! म्हातारचळ, दुसरं काय.

संध्याकाळी — वाजला. पुरुषाचा आवाज. "लॅबमधून बोलतोय. सीआरपी खूप वाढलाय, ताबडतोब भरती व्हा." मी विचारलं, रिपोर्टवर सही करतात त्या मॅडम नाहीत का? "आहेत ना, इथेच बसल्यात."

इथेच बसल्यात!!

२५ नोव्हेंबर
वॉर्ड. शिरेतून अँटिबायोटिक, नाकाला ऑक्सिजन. लॅब खालच्याच मजल्यावर, मध्ये एक जिना. शेजारच्या खाटेवरच्याला भेटायला अख्खं गोकुळ जमतं. "आजोबा, तुमचं कोणी?" असं त्याच्या सुनेने विचारलं. झोपेचं सोंग घेतलं. तेव्हापासून भिंतीकडे तोंड करूनच पडलोय. रडलो. वहीपाशी काय लाजायचं?

३ डिसेंबर
घरी येऊन दोन दिवस झाले. आज जंतू गेले का बघायला रक्त दिलं. गेलेच असतील. ताप नाही, भूक लागते. फोनची वाट बघण्यात अर्थ नाही.

४ डिसेंबर
फोन आला.

"बाबा, आकडा उतरला. नॉर्मल आहे."

"नॉर्मल असला की फोन करत नाहीत तुम्ही," मी म्हणालो. जळली मेली जीभ!

"नाही करत." ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा आकडा बघून माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून त्याला बोलायला लावलं. वॉर्डच्या दारापर्यंत रोज येत होते, बाबा. तुमचं तोंड भिंतीकडे."

ये म्हणालो. कडी काढून बसलोय.