दहा हजार किलोमीटर शिल्लक

३ जानेवारी
गाडी घेतली. लाल. स्पोर्ट्स. दोनच सीट. जुनी आहे, पण सेकंडहँड म्हणायचं नाही, प्री-ओन्ड म्हणायचं, असं विकणाऱ्याने बजावलं आहे. हा माणूस बोलता बोलता सारखा गाडीवर फडकं मारतो. मी मनात त्याचं नाव चकाचक ठेवलं आहे.

चौतीस वर्षं कारखान्याच्या स्टोअरमध्ये जाळीआड बसून मालकांची अशीच गाडी फाटकातून आत येताना बघितली. तेव्हाच ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर गाडीपेक्षा मला वॉरंटी जास्त आवडली. एक वर्ष किंवा दहा हजार किलोमीटर, छापील पुस्तक, वर शिक्का. आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी लेखी खात्री मिळाली. लग्न, नोकरी, गुडघे, सगळं आतापर्यंत बिनवॉरंटीचं.

पुढच्या काचेच्या कोपऱ्यात आतून एक छोटं स्टिकर आहे. बारीक इंग्रजी. सही, शिक्का आणि तारीख: ३ जुलै. सही, शिक्का, तारीख असलं की ते सील. हे मला कोणी शिकवायला नको. ३ जुलैपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आमच्या हिने विचारलं, दोनच सीट? मुलगी-जावई आले तर त्यांना काय टपावर बसवणार? मी म्हणालो, आपल्या दोघांसाठीच घेतली आहे. पहिली फेरी तुझ्या ताईकडे. रात्री आमटीत मीठ दोनदा पडलं.

४ जानेवारी, सकाळी ११
गाडी एकट्याने घरी आणली. बारा किलोमीटर. व्यवस्थित. चौकात ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला गेला. पण काही झालं नाही. भाजीवालीची हातगाडी होती तिथेच आहे.

कारखान्याचा टेंपो मी तीन वर्षं चालवला आहे. तो दाबला तरी विचार करून पुढे जायचा. ही गाडी विचार करत नाही.

हात थरथरत आहेत. सकाळी चहा झाला नव्हता, म्हणून.

दुपारी ३
चहा तीनदा झाला. थरथर आहेच. चहापत्ती बदलायला हवी.

९ जानेवारी
वॉरंटीचं पुस्तक वाचायला घेतलं. मराठीच आहे, पण बारीक; भिंग लागतं. रोज एक पान. सातवीपर्यंतच शिकलो असलो तरी न वाचता कधी कशावर सही केली नाही. (ही सही केली, कारण चकाचकने पेन हातात दिलं होतं.)

कलम नऊ: झीज होणारे भाग वॉरंटीत येत नाहीत. टायर, ब्रेक, क्लच, बॅटरी, वायपर, दिवे, पट्टे. उरलं काय? हॉर्न. हॉर्न वाजवल्याने झिजतो की नाही, ते लिहिलेलं नाही. म्हणून वाजवणार नाही.

कलम बारा: बाहेरच्या मेकॅनिकने गाडी उघडल्यास वॉरंटी रद्द. गल्लीत स्कूटरचं गॅरेज आहे. गाडीच्या शेडला कुलूप लावून आलो. मग दुसरं लावून आलो.

१५ जानेवारी
आज सुचलं. इतक्या लोकांना कसं सुचत नाही? स्टोअरचा पहिला नियम: माल दिला की कमी होतो, नाही दिला तर शिल्लक राहतो. दहा हजार किलोमीटरमधले फक्त बारा गेले. गाडी हलवलीच नाही तर नऊ हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी जसेच्या तसे. लोक उगाच चालवून चालवून वॉरंटी संपवतात आणि मग रडतात.

निश्चय: नडल्याशिवाय चालवायची नाही. यात भीतीचा संबंध नाही.

२ फेब्रुवारी
ताईंचा फोन. मुलगा त्यांना कायमचं परदेशी नेणार. वीस जुलैचं विमान. घर विकायला काढलं आहे. ताई हिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या, हिला कडेवर वाढवलेलं. ही फोन ठेवून तशीच उभी राहिली. म्हणाली, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी जाणारं माणूस परत येतं का हो? मी म्हणालो, जायच्या आत आपण गाडीने जाऊन येऊ. एकशे साठ किलोमीटर म्हणजे काय, बसलो की पोचलो. मार्चमध्ये जाऊ. मार्च छान असतो.

रात्री पडल्या पडल्या हिशेब केला. जाऊन येऊन तीनशे वीस जातील. एका बहिणीसाठी जरा जास्त होतात.

१८ मार्च, सकाळी ७
निघायचा दिवस. स्वच्छ शर्ट. ही पिशवी मांडीवर घेऊन सीटवर बसलेली. प्लॅस्टिकचं कव्हर काढू का म्हणाली. खबरदार म्हणालो. किल्ली फिरवली. एकदम सात-आठ दिवे लागले. लाल, पिवळे. एक तर चहाच्या किटलीसारखा होता. इंजिन सुरू व्हायच्या आतच एवढे बिघाड! लगेच किल्ली काढली.

८.३०
चकाचकला फोन. तो म्हणतो, काका, सुरुवातीला सगळे दिवे लागतातच, नंतर विझतात. नंतर म्हणजे कधी, ते सांगितलं नाही. विकून झाल्यावर माणूस असंच बोलतो.

हिने पिशवी रिकामी केली. म्हणाली, अहो, गाडी आणलीत की मूल दत्तक घेतलंत? दुपारी कव्हर, संध्याकाळी पंखा. आता अंगाई तेवढी राहिली. मी लक्ष दिलं नाही. एप्रिलमध्ये नक्की.

११ एप्रिल
गल्लीतल्या गॅरेजवाल्याने शेडमध्ये डोकं घातलं. त्याच्या मागच्या खिशात कायम पाना असतो, म्हणून मनात त्याचं नावही पाना. बघूनच मला घाम फुटतो. म्हणाला, काका, टायर बसायला लागलेत. आठवड्यातून एकदा तरी सुरू करा, एक चक्कर मारा, नाहीतर बॅटरी जाईल. गाडीचं म्हाताऱ्या माणसासारखं असतं. बसवून ठेवली की बसते.

बोलता बोलता त्याचा हात बॉनेटकडे गेला. मी मनगट धरलं. म्हणालो, वॉरंटी आहे. तो म्हणाला, मी फक्त टेकत होतो.

जाताना असल्या चार टायरची किंमत सांगून गेला. मी पायरीवर बसलो. त्या पैशात माझी स्कूटर दोनदा आली असती, चाकांसकट. हिने पाणी आणून दिलं आणि विचारलं, एप्रिलचं काय? म्हणालो, या टायरवर तुला बसवू? जीव महत्त्वाचा की ताई?

हा प्रश्न विचारायला नको होता.

२६ मे
सीटच्या प्लॅस्टिकवर उंदराच्या लेंड्या. कलम सतरा: उंदीर, घुशी, पक्षी वगैरेंनी केलेलं नुकसान वॉरंटीत येत नाही. म्हणजे कंपनीला हे उंदीर आधीपासून माहीत होते! माणूस विश्वास ठेवणार कोणावर?

उपाय: जिन्यातली मांजर शेडमध्ये कोंडली.

२७ मे
मांजर बॉनेटवर झोपली. चार ओरखडे. मांजरीबद्दल कलम सापडलं नाही. ‘वगैरे’मध्ये असावी.

१४ जून
सहा महिने होत आले. गाडीजवळ गेलं की छाती धडधडते. ही म्हणते डॉक्टरांना दाखवा. मी म्हणालो, जबाबदारी असली की धडधडतं. ज्याच्याकडे काही नाही त्याला धडधडायला काय होतंय?

हिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीस जुलैला गोल केला आहे. पाणी प्यायला गेलं की तोच दिसतो. माठाची जागा बदलली.

३ जुलै
आज सीलची मुदत पूर्ण. सहा महिन्यांत गाडीला बाहेरचा हात लागला नाही. स्टिकर शाबूत. किलोमीटर तेवढेच. स्टोअरमध्ये असताना असं काम केलं असतं तर साहेबांनी पाठीवर थाप मारली असती. आज माझी मीच मारली. खांदा दुखावला.

५ जुलै
वरच्या मजल्यावरचे मास्तर गाडी बघायला आले. रिटायर्ड, इंग्रजी चांगलं, आणि त्याची जाणीवही चांगली. म्हणूनच आजवर त्यांना स्टिकर दाखवलं नव्हतं. स्वतःहूनच वाचलं. मोठ्याने. पहिल्या सर्व्हिसिंगसाठी गाडी तीन जुलैच्या आत आमच्याकडे आणावी, अन्यथा वॉरंटी संपुष्टात येईल.

कानात शिट्टी वाजली. म्हणालो, परत वाचा. परत तेच. म्हणालो, जरा हळू वाचून बघा. हळू वाचूनही तेच.

मास्तर म्हणाले, अहो, एकदा विचारायचं तरी. मी म्हणालो, मला माहीत होतं, तुमचं इंग्रजी तपासत होतो.

६ जुलै
चकाचक फोनवर फार गोड बोलला. सिस्टीमने आपोआप रद्द केली, त्याच्या हातात काही नाही. तपासणी करून नवीन देता येईल, पण गाडी चालवत आणावी लागेल. बारा किलोमीटर. तो चौक मध्येच येतो.

म्हणालो, विचार करून सांगतो.

९ जुलै
हिने वॉरंटीबद्दल एक शब्द काढला नाही. याचीच जास्त भीती वाटते. फक्त म्हणाली, सतरा तारखेला जायचं. गाडीने नाहीतर पायी. नेता की नाही, एवढंच सांगा.

नेतो म्हणालो. आता जपायचं काही उरलंच नाही, तर घाबरायचं कशाला? आज पोळी जास्त गेली. (एक. काल अर्धी गेली होती.)

१७ जुलै, सकाळी ६
तयार. हिने ताईंसाठी विणलेली शाल, थर्मास, पिशवी. मास्तर गॅलरीत. पाना हवा भरून गेला. मी हात लावू दिला. बायको सीटवर बसली, पट्टा लावला आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर पहिल्यांदा सिनेमाला नेलं होतं, तेव्हा असंच हसली होती.

६.४०
किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. एकही दिवा नाही. किटलीसुद्धा नाही. पाना धावत आला, बॉनेट उघडलं. बॅटरी मेलेली, दोन वायरी उंदराने खाल्लेल्या.

बरं वाटलं.

(वरची ओळ खोडायची आहे.)

८.१५
ही पट्टा सोडून उतरली. ओरडली नाही. आठची बस आहे म्हणाली, तुम्हीही चला. मी म्हणालो, गाडी अशी उघडी टाकून कसा येऊ? वायरी लोंबताहेत. ही म्हणाली, अहो, भाजीवालीने मला जानेवारीतच सांगितलं होतं. एक वीत राहिली होती म्हणे तिची हातगाडी. म्हणाली, आजोबांना सांगा, मी आणि टोमॅटो दोघं सुखरूप आहोत, उगाच मनाला लावून घेऊ नका. सहा महिने वाट बघते आहे, तुम्ही कधी सांगता.

म्हणालो, वायरी लोंबताहेत.

ही गेली. शाल सीटवर विसरली. ती उशिरा दिसली. घेऊन कोपऱ्यावरच्या स्टॉपपर्यंत धावलो. गुडघ्यांनी बरी साथ दिली. पण बस गेली होती.

२१ जुलै
आली. ताई काल गेल्या. ताईंनी पहिला प्रश्न माझाच विचारला. हिने सांगितलं, तापाने फणफणलेत. मग दोघी तीन दिवस बोलत बसल्या. शेवटच्या दिवशी बोलायचं काही उरलं नव्हतं, तरी बसल्या.

ताईंनी माझ्यासाठी तापाच्या गोळ्या पाठवल्या आहेत. सामान बांधलेलं उघडून काढल्या म्हणे. एक घेतली. फेकणं बरं दिसलं नसतं.

शाल घडी करून हिच्या उशाशी ठेवली. हिने पाहिली. परत कपाटात ठेवली.

२ ऑगस्ट
ताईंचा तिकडून फोन. पुढच्या मे महिन्यात पंधरा दिवस येणार, जुन्या शेजारणीकडे उतरणार! मी हिच्या हातातून फोन घेऊन सांगितलं, मेमध्ये गाडीने येतो, शाल घेऊन येतो, काळ्या दगडावरची रेघ. ताई म्हणाल्या, ताप उतरला का? उतरला म्हणालो. ही स्वयंपाकघरात गेली.

आता चुकायचं नाही. मन घट्ट केलं आहे. पान्याने वायरी जोडल्या. त्याच्याबरोबर जाऊन नवीन बॅटरी आणली, उत्तमातली. तो म्हणाला, काका, लगेच बसवू आणि चौकापर्यंत चक्कर मारू, मी शेजारी बसतो. मी खोक्यावरचं वाचलं. मोठ्या अक्षरात, आपल्याच भाषेत: सहा महिन्यांची वॉरंटी.

पान्याला परत पाठवलं. खोकं शेडच्या फळीवर ठेवलं आहे, चिकटपट्टी न काढता. मेपर्यंत उघडायचंच नाही. म्हणजे सहाच्या सहा महिने शिल्लक.

संध्याकाळी ६
ही शेडच्या दाराला बसचं वेळापत्रक चिकटवून गेली आहे. सही नाही, शिक्का नाही. आठच्या गाडीभोवती गोल केला आहे.

वाचायला भिंग लागलं नाही.