तुझ्या पुस्तकात आई

प्रिय एल्व्हियो,

तुझं पुस्तक पोचलं. चारशे बारा गुळगुळीत पानं, आणि मुखपृष्ठावर आपला समुद्र इतका निळा, की जन्मभर इथे राहून मला तो तसा एकदाही दिसला नाही. ‘लिगुरियाचा किनारा : इतिहास, भूगोल, संस्कृती.’ मिलानमध्ये खुर्चीत बसून तिन्ही उरकलीस, शाब्बास रे भाऊराया!

आईची दृष्टी गेली, थंडीपासून ती अंथरुणालाच आहे. म्हणून रोज दुपारी मी तिला वाचून दाखवत होते. तू लिहितोस, इथल्या बायका मासळी खारवताना गातात. कोण गायचं रे? बोटांच्या चिरांत मीठ गेलं की आई ज्या शिव्या घालायची, त्या तुला गाणी वाटल्या काय? पुढे म्हणतोस, इथल्या माणसांच्या रक्तातच समुद्र आहे. आई खो खो हसली. म्हणाली, “एवढा शिकला आणि गाढवच राहिला मेला! मी घोट्याएवढ्या पाण्यातसुद्धा कधी गेले नाही म्हणावं.”

द्राक्षमळ्यांचे दगडी बांध तर म्हणे ‘काळाने रचले’. काळाने! पावसात बांध ढासळला की डोक्यावर दगड घेऊन तो उतार कोण चढायचं? चुना नाही, माती नाही, दगडावर दगड बसवत आईने एकटीने तीन बांध उभे केले. तू अंजिराखाली पुस्तक घेऊन बसायचास, कारण तिचंच फर्मान होतं, एल्व्हियोच्या हाताला दगड लागता कामा नये. लागला असता तर बरं झालं असतं. बिशपांना नऊ पानं दिलीस, तुझ्या त्या प्राध्यापकाचे आभार मानायला दोन.

रोज वाचून झालं की आई विचारायची, “माझं कधी येतं गं?” मी म्हणायचे, पुढे आहे. मग पुस्तकच संपलं. तेव्हा शेवटच्या कोऱ्या पानावर नजर ठेवून मी सरळ खोटं वाचलं : ‘हे बांध माझ्या आईने रचले. मी अंजिराखाली बसून बघत होतो.’ तिने ते मला पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाली, “म्हणजे बघत होता तो.”

आता ती रोज तेवढंच पान मागते. काल माझा एक शब्द बदलला, तर लगेच म्हणाली, “काल असं नव्हतं.” मारियामातेच्या सणाला पाद्रीबुवा घरी येणार आहेत, आणि हे पान त्यांच्याकडून सगळ्यांसमोर वाचून घ्यायचं तिने ठरवलंय. त्यांना डोळे आहेत, एल्व्हियो. ते कोरं पान फाडून सोबत पाठवते आहे. ती दोन वाक्यं त्यावर लिहून काढ, आणि टपालात न टाकता स्वतः घेऊन ये. पाद्रीबुवांच्या आधी तूच वाच. अंजिराखाली तुझं डोकं पुस्तकात होतं, तू एकदाही वर बघितलं नाहीस, हे मला ठाऊक आहे. तिला कळू देऊ नकोस.

तुझीच,
मिरेल्ला