तेवीस दिवसांचं कारण

९ फेब्रुवारी १९९८, अझैबा, मस्कत

वसईहून वकिलाचा फोन. राजीव. "मावशी, अपिलाची मुदत जाऊन तेवीस दिवस झाले. वकीलपत्र सही करून पाठवलं नाहीत?" कुठलं वकीलपत्र? म्हणे सुट्टीवरून इकडे परतणाऱ्या गॅरेजवाल्या कासमच्या हाती दिलेलं. कासम मस्कतला उतरला तो थेट गॅरेजच्या कामावर दूर सूर शहरात, पाकीट त्याच्या बॅगेत. मी इथे सून विनीच्या बाळंतपणात.

अपील बुडालं तर यांची केळीची वाडी दिराच्या, बेंजामिनच्या, घशात.

राजीव म्हणतो, वाट आहे. उशीर माफ करा असा अर्ज द्यायचा. पण एकेका दिवसाचं कारण हवं.

१० फेब्रुवारी

मुलगा एलरॉय शहाणा. "आई, दमा लिहू. सर्टिफिकेट आणतो." कोर्टाने उभं केलं तर खोकू का मी? तीन जिने चढते रोज.

११ फेब्रुवारी

दिवस मांडले. पहिला — नातीची आंघोळ, विनीला शेक. दुसरा — तेच. सातवा — नातीला कावीळ, हॉस्पिटल. दहावा — घरी आणली. पुढे परत तेच. राजीवला फोनवर वाचून दाखवलं. हसला. मग म्हणाला, "पण चौकशी का नाही केलीत?"

नाही केली. कागद येईल तेव्हा सही करू, असं धरून बसले. मुदत असते हे ठाऊक नव्हतं. म्हटलं, तसंच लिही.

१४ फेब्रुवारी

कासम सूरहून परतला. गाला भागातल्या त्याच्या गॅरेजवर गेले. त्याचाही जबाब लागतो. मान वर करीना. "आजी, कोर्टात माझं नाव नको. अर्बाबच्या कानावर गेलं तर?"

"तुझा मालक वसईच्या कोर्टात कशाला कडमडेल? पाकीट राहिलं ते तुझं, विचारलं नाही ते माझं. दोघांची नावं जातील."

पाना पुसून खाली ठेवला. मग — "यल्ला, चला, कुठे करू सही?"

१७ फेब्रुवारी

जबाबांवर सह्या करायला दोघं भारतीय वकिलातीत गेलो. कारकून माझ्या अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवतो. त्याच्यासमोर पूर्ण नाव लिहिलं, सावकाश. थांबला बिचारा.

२० मार्च

पुढची तारीख. उशिराच्या माफीलाही उशीर. तरी अर्ज आत गेलाय, फेकला नाही कुणी.

२२ एप्रिल

उशीर माफ. अपील दाखल.

राजीवला विचारलं, समोरचा वकील गप्प कसा बसला? तो उठला होता म्हणे हरकत घ्यायला. बेंजामिननेच कोट ओढून खाली बसवला. म्हणाला, "वहिनीने लिहिलंय ना? मग तसंच झालं असणार."

चार वर्षं बोललो नाही आम्ही. एलरॉयला म्हटलं, काकाचा नंबर लाव.